तात्यांच्या कागदावरची फुली

"हे चौदा कागद कुणी काढून टाकले?" तात्यांनी विचारलं.

"मी," रायसिंग म्हणाला. "नियमानं."

तात्या म्हणजे डॉक्टर अच्युत लोणकर. सातपुड्यातल्या या दवाखान्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली. रायसिंग पावरा त्यांचा चेला. इथल्याच वरच्या पाड्यावरचा. तात्यांनी शिकवला, डॉक्टर झाला, आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. मी उखाजी. दवाखान्यात खुराकाचे लाडू वळायचो. शेंगदाणे, तीळ, गूळ, नाचणी. वाळलेल्या पोरांना तात्या तेच द्यायचे.

रायसिंग आढावा घेऊन आला होता. आढावा म्हणजे फार काही नाही, हे शिकलेले लोक उगाच अवघड करून सांगतात. असा खुराक जगात ज्यांनी ज्यांनी पोरांना देऊन पाहिला, त्यांचे सगळे कागद जमवायचे. फुसके काढून टाकायचे. उरलेले मिळून काय म्हणतात, ते लिहायचं. झालं.

"सव्वादोन हजार कागद चाळले, तात्या. एकोणीस कामाचे वाटले. त्यातले चौदा बाद केले, पाच ठेवले. पाच मिळून सांगतात, लाडवानं पोरं सुधारतात. सोमवारी सरकारी समितीपुढं ठेवतोय. मंजूर झालं की राज्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत लाडू. तुमचा लाडू!"

वळला मी. पण ते असो.

"तुझा नियम काय?"

"पोरं कशी निवडली ते लिहिलेलं पाहिजे. खुराक कुणाला दिला, कुणाला नाही, आणि ते कसं ठरवलं. चिठ्ठ्या टाकून ठरवलं असेल तर उत्तम. काहीच लिहिलं नसेल तर बाद."

"लिहिणारा कोण आहे, ते बघत नाहीस?"

"अजिबात नाही. मोठा असो, बारका असो. कागद वाचताना मला नाव दिसतच नाही."

छाती काढून बोलला. पुण्याला राहून जरा जास्तच फुगलाय.

तात्यांनी सदऱ्याच्या खिशातून तीन चिठ्ठ्या काढल्या. रात्री आढावा वाचून सकाळी त्यांनी सांगितल्या आणि मी लिहिल्या होत्या. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चिठ्ठीवर नाव नाही, गाव नाही, आकडा नाही. पोरं कशी निवडली, एवढंच.

"यातल्या ठेवायच्या त्या ठेव. टाकायच्या त्या टाक."

रायसिंगनं पहिली वाचली. "चिठ्ठ्या टाकून निवडली. ठेवा."

दुसरी वाचली. "जवळच्या दोन गावांतली घेतली. कशी घेतली, पत्ता नाही. बाद."

तिसरी वाचली आणि हसला.

"'दवाखान्यात आणली ती सगळी.' बस्स? आणि जी आणलीच नाहीत, त्यांचं काय झालं? कुणी बघितलं? तात्या, याला निवड म्हणत नाहीत. जत्रेत गर्दी होते तशी ही पोरं जमलीत. बाद."

"नक्की?"

"एकदम नक्की. असलं काम मी विद्यार्थ्याकडूनही घेणार नाही."

"दुसरी चिठ्ठी गडचिरोलीच्या एका बाईंची. असाच खुराक दिला होता त्यांनी पोरांना. तुझ्या चौदांत आहेत त्या."

"बरोबरच टाकल्या मी."

"बरोबर टाकल्यास. तिसरी माझी."

रायसिंगनं चिठ्ठी उलटून बघितली. मागं काय असणार? कोरी होती.

तात्यांनी त्याच्या आढाव्यातला तक्ता उघडला. एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथं माझ्या नावापुढं बरोबरची खूण आहे. खूण तुझी. तिच्या शेजारी फुली होती, ती खोडलीय. फुली कुणाची?"

आढावा घेणाऱ्यांत रीत अशी आहे, की प्रत्येक कागद दोघांनी वाचायचा, एकमेकांना न दाखवता. दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्याला विचारायचं. रीत चांगली आहे. आमच्या पंचायतीत असती तर बरं झालं असतं.

"माझ्या हाताखालची मुलगी आहे, तिची," रायसिंग म्हणाला. "नवीन आहे ती. ती तुम्हाला ओळखत नाही, तात्या."

"तिनं मला ओळखायचं कशाला?"

रायसिंग तक्त्याचा कोपरा दुमडत राहिला.

"तिसऱ्याकडे दिलास माझा कागद?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"तुमचा कागद दुसऱ्यापुढं ठेवायचा आणि म्हणायचं, हा पास का नापास ते सांगा... मला नाही जमलं ते."

तात्यांनी त्या ओळीवरचं बोट हलवलं नाही.

"आणि तुमचा काढला तर लाडू उभाच राहत नाही," रायसिंगचा आवाज चढला. "उरतात चार. दोन हो म्हणतात, दोन नाही म्हणतात. सहाशे पोरं एकट्या तुमच्या कागदात आहेत. तो काढायचा म्हणजे तुमची चाळीस वर्षं काढायची!"

मला राहवलं नाही. "माझ्या लाडवात काय खोट निघाली आता? पोरांची गालफडं भरलेली मी या डोळ्यांनी बघितलीत."

"उखाजी, तू आलेली पोरं बघितलीस," तात्या म्हणाले. "मीही तीच बघितली."

राग आला होता, पण खोटं काय होतं त्यात? वरच्या पाड्यांवरची कित्येक पोरं कुणी कधी खाली आणलीच नाहीत. त्यांचं काय झालं ते आम्ही कधी विचारायला गेलो नाही.

तात्यांनी स्वतःचं पेन काढलं आणि रायसिंगच्या पुढं धरलं.

"मार फुली."

रायसिंग ताडकन उठला. "त्या सहाशेत मी आहे, तात्या! अडीच वर्षांचा होतो. सहा किलो वजन. तुमच्याच हातचं लिहिलेलं आहे. उखाजीकाकांनी भरवलेला लाडू खाऊन मी आज तुमच्यासमोर उभा आहे. याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला पाहिजे तुम्हाला?"

"खाली बस."

बसला.

"तुझी आई तुला पाठीला बांधून दोन डोंगर उतरून यायची. किती दिवस?"

"चार महिने."

"खाडा?"

"एकही नाही."

"पाऊस, पेरणी, तिचा स्वतःचा ताप. तरी नाही. अशी आई ज्याला असेल, त्याला लाडू लागला का तीच पुरली? सांग मला."

रायसिंग पेनाकडं बघत राहिला.

"माझ्या कागदातली सहाशेही तशाच आयांची आहेत, रायसिंग."

बाहेर दावणीला गाय शेपटी मारत होती.

मग रायसिंगनं पेन घेतलं. फुली मारली. कागद फाटेल एवढ्या जोरात मारली. पान उलटलं. शेवटी जिथं 'लाडवानं पोरं सुधारतात' असं छापलं होतं, ते खोडलं आणि वर लिहिलं, 'अजून सांगता येत नाही. नीट तपासून पाहावं लागेल.'

लिहून झाल्यावर पेन खाली ठेवेना. मान वर करेना. लहानपणी सुई टोचायला आणला की असाच बसायचा.

"तात्या," तो म्हणाला, "समितीला हे सांगतो मी. माझी हरकत नाही. पण तुम्ही तर तेव्हा होतात. मला उचलून वजनाच्या ताजव्यात ठेवलं होतं तुम्ही. तुम्ही तरी सांगा... मी कशानं जगलो?"

तात्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"ठाऊक असतं, तर तुला शिकवलं कशाला असतं?"