पाण्याला पडलेलं भोक

तळ्यांना पाहुणचाराची हौस होती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यात दूर देशाची जलपर्णी वाहत आली. "मला पानापुरती जागा द्या," ती म्हणाली. तिचा जांभळा तुरा पाहून सगळे हरखले. म्हातारं कासव म्हणालं, "राहा बाई, जागा पुष्कळ आहे."

पावसाळा सरता सरता सबंध तळं तिच्या पानांनी झाकलं गेलं. वरून बघणाऱ्याला ते कुरणच वाटे. खाली मात्र काळोख झाला आणि माशांचा जीव गुदमरू लागला.

म्हशी चिडून आत घुसल्या. त्यांनी जलपर्णी तुडवून तिचे तुकडे तुकडे केले. महिन्याभरात त्या तुकड्यांचीच नवी रोपं झाली. तेव्हा कासव म्हणालं, "मीच हिला राहा म्हटलं, आता मीच काढतो." ते एकेक रोप मुळासकट ओढून दूरच्या तापल्या कातळावर टाकू लागलं.

कितीतरी दिवसांनी परातीएवढं पाणी मोकळं झालं. काळोखातच जन्मलेलं मरळ माशाचं पिल्लू किंचाळलं, "आई, पाण्याला भोक पडलं!"

"भोक नव्हे रे," मरळ म्हणाली. "ते आभाळ आहे."

पिल्लू भीत भीत वर आलं. एक पांढरा ढग सावकाश सरकत गेला. पिल्लाचं तोंड उघडंच राहिलं.

"एवढं मोठं? मग ते झाकलं कुणी?"

मरळीनं कासवाकडे पाहिलं. कासवानं मान आत घेतली नाही.

"मी," ते म्हणालं, आणि त्यानं पुढचं मूळ तोंडात धरलं.