लखबाची तीन दिवसांची दवंडी

फार वर्षांपूर्वी, नदीवर अजून पूल झाला नव्हता आणि पलीकडे जायचं तर पाणी ओसरायची वाट पाहावी लागायची, त्या काळात मांडवघाट नावाच्या कसब्यात लखबा नावाचा दवंडी देणारा राहत होता. अंगानं काटकुळा, पण आवाज असा की त्यानं वरच्या वेशीत हाक दिली तर पैलतीरावरचे बैल कान टवकारायचे, असं म्हणतात. त्याच्या हलगीवर थाप पडली की दळणाऱ्या बायका जात्याचा खुंटा धरून थांबायच्या आणि बाजारातले भाव अर्ध्यावर राहायचे.

लखबाची एक सवय होती. ऐकलं तसं तो ओरडायचा नाही, आधी विचारून घ्यायचा. कुणाची गाय हरवली तर तिच्या कपाळावर ठिपका डावीकडे की उजवीकडे, तेसुद्धा विचारायचा. सत्तावीस वर्षांत त्याच्या तोंडून एकही खोटी दवंडी गेली नव्हती. म्हणून लखबा ओरडला म्हणजे ते तसंच असणार, असं सारा कसबा मानायचा. त्याचा आवाज माजघरापर्यंत जायचा आणि तो स्वतः मात्र अंगणाबाहेर उभा राहायचा. तेव्हाची रीत तशी होती. ती वाईट होती, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी जुन्या दिवसांचं कौतुक करायला नको.

एका पौषात भरदुपारी कोष्टी आळीला आग लागली. वारा सुटला होता. मागावरचं सूत पेटलं आणि जळते धागे उडत या छपरावरून त्या छपरावर पडले. ऊन कलायच्या आत चाळीस घरं गेली. माणसं वाचली, पण माग गेले, धान्य गेलं, अंथरूण-पांघरूण सगळं गेलं. साऱ्या कसब्याला अंगभर नेसवणारी ती माणसं आळीच्या कडेच्या चिंचेखाली उघडी बसली. पौषातली थंडी तुम्हाला ठाऊक आहे. त्या साली तर पहाटे हौदातल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची, असं म्हणतात.

कसब्याचे इनामदार होते दाजीसाहेब. त्यांनी दुसऱ्या दिवशी लखबाला बोलावलं.

"लखबा, दवंडी दे. कोष्ट्यांसाठी ज्याला जमेल त्यानं पांघरूण द्यावं, धान्य द्यावं. सगळं धर्मशाळेत आणून टाकायचं."

लखबानं विचारलं, "आणि कोष्टी आळीत कधी जायचं, सरकार?"

"आजच्या आज."

"आजच्या आज जाईल, असंच ओरडू का?"

"तसंच ओरड."

लखबा सबंध दिवस फिरला. वरची वेस, खालची वेस, कुंभारवाडा, बाजारपेठ, नदीकाठची वस्ती. आणि लोकांनी दिलं. अहो, काय दिलं म्हणून सांगू. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी घोंगड्यांची गाठोडी पाठवली. कुंभारांनी मडकी दिली, शिजवायला काही तरी लागेलच म्हणून. एका नव्या नवरीनं रुखवतातली गादी दिली आणि सासूचं बोलणं खाल्लं. तुळसा नावाची एक विधवा होती, दुसऱ्यांची दळणं दळून पोट भरायची. तिच्याकडे एकच गोधडी होती, तिच्या आईनं शिवलेली, मधोमध तांबड्या खणाचा चौकोन लावलेली. ती तिनं घडी करून दिली आणि स्वतःला पोत्याचे दोन तुकडे जोडून घेतले.

ऊन कललं तेव्हा धर्मशाळेची मोठी खोली आढ्यापर्यंत भरली होती. दाजीसाहेब आले, त्यांनी ढीग पाहिला, आणि मग त्यांच्या मनात एक विचार आला. सरसुभेदारांचा दौरा त्या बाजूनं येणार होता. एवढं दान सरसुभेदारांच्या हातून वाटलं गेलं तर कसब्याचं नाव होईल, आणि कसब्याचं नाव म्हणजे दाजीसाहेबांचं नाव. कदाचित शेला मिळेल, पालखीचा मान मिळेल. त्यांनी दाराला कुलूप घातलं आणि एक स्वार पाठवला.

निरोप आला की सरसुभेदार उद्या येतील. उद्याचा परवा झाला. परवा निरोप आला की वाटेत शिकारीला थांबलेत. तोवर धर्मशाळेपुढं मांडव घालायचं काम सुरू झालं. बांबू आले, वरून ताणायला जाजमं आली, झालरी आल्या, कमानीला झेंडूची तोरणं लागली. चिंचेखाली माणसं आकाश पांघरून पडली होती आणि चारशे पावलांवर रिकाम्या जमिनीवर सावली धरली जात होती. ते बघत लोक येत-जात होते. कुणी काही बोललं नाही. दाजीसाहेबांचं काम, आपण कशाला बोलायचं. असे आठ दिवस गेले. आठ दिवस, नीट ऐका.

नवव्या दिवशी सकाळी तुळसा कण्यांचं मडकं घेऊन चिंचेखाली गेली. मनात एवढंच होतं की आपल्या आईची गोधडी कुणाच्या वाट्याला आलीय ते बघावं. एखाद्या लेकुरवाळीला मिळाली असेल तर बरं, असं तिला वाटत होतं. तिनं सगळीकडे नजर फिरवली. गोधडी कुठंच नव्हती. एक घोंगडीही कुठं नव्हती. माणसं राखेच्या ढिगाऱ्यांना टेकून बसली होती, कारण राख थोडी ऊब देते. आणि एका कडेला सजूबाई नावाची म्हातारी निजली होती, तिच्या अंगावर केळीची पानं टाकलेली होती. सजूबाईनं साठ वर्षं माग चालवला होता. कसब्यातल्या निम्म्या बायका तिच्या हातचं लुगडं नेसून बोहल्यावर चढल्या होत्या. ती पहाटे गेली होती. थंडीनं गेली होती.

तुळसा तिथून उठली ती सरळ लखबाच्या दारी गेली.

"लखबादादा, माझी गोधडी कुठाय?"

लखबा म्हणाला, "कोष्टी आळीत असंल, आक्का. आजच्या आज जाईल, असं मी सांगितलं होतं की."

"तुम्ही सांगितलं म्हणून दिली. तिथं कायबी पोचलेलं न्हाई. सजूबाई केळीच्या पानाखाली गेली."

 लखबानं फक्त एवढं विचारलं, "म्हंजे मी खोटं ओरडलो?"

तुळसा म्हणाली, "ते तुम्हीच ठरवा."

लखबानं हलगी खांद्याला अडकवली आणि तो मांडवापाशी गेला. दाजीसाहेब तोरण सरळ लागलंय की नाही ते पाहत होते.

"सरकार, कुलूप काढा."

"लखबा, दान कसं शोभेनं व्हायला पाहिजे. चार दिवस मागंपुढं झाले तर काय बिघडलं?"

"सजूबाई गेली."

"म्हातारी होती," दाजीसाहेब म्हणाले, आणि पुन्हा तोरणाकडे वळले.

या दोन शब्दांसाठी मांडवघाटानं दाजीसाहेबांना अजून माफ केलेलं नाही, असं म्हणतात. मी तर नाहीच केलेलं.

लखबा चौकातल्या पारावर चढला. त्यानं हलगीवर थाप मारली आणि तो ओरडला, "ऐका हो ऐका. कोष्टी आळीसाठी दिलेलं कोष्टी आळीत पोचलेलं नाही. ते धर्मशाळेत कुलपात आहे. आजच्या आज जाईल, असं मी म्हणालो होतो. ते खोटं होतं. आज नववा दिवस आहे."

एवढीच दवंडी. त्यात शिवी नव्हती, कुणाचं नाव नव्हतं. पण ती संपली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. दुपारी दाजीसाहेबांचे शिपाई आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावरून हलगी ओढून घेतली. लखबानं ती घेऊ दिली. मग दोन्ही हात तोंडाशी धरून तो नुसत्या आवाजानं ओरडू लागला.

दुसऱ्या दिवशी शिपायांनी त्याला पारावरून खाली ढकललं. तो खाली उभा राहून ओरडला. त्याला वेशीबाहेर नेऊन सोडलं. तो वेशीबाहेरून ओरडला, आणि असं म्हणतात की त्या दिवशी आवाज आदल्या दिवसापेक्षा जवळून आला. जो आवाज सत्तावीस वर्षं अंगणाबाहेर थांबत होता तो घरात शिरला. बायांनी आडात पोहरा सोडला तर आडातून दवंडी ऐकू यायची. रांजणाचं झाकण काढलं तर रांजणातून यायची. दाजीसाहेबांनी दारं लावून घेतली, तर त्यांच्या देवघरातली घंटा त्याच तालावर वाजायला लागली.

तिसऱ्या दिवशी याहून मोठं नवल झालं. सकाळ वर आली, स्वच्छ ऊन पडलं, आणि त्या उन्हात सारा कसबा कुडकुडू लागला. ज्यांच्या घरी रजया होत्या त्यांनी रजया ओढल्या, तर रजई अंगाला ओल्या फडक्यासारखी लागे. चूल पेटलेली असे आणि तिच्यापुढं बसलेल्याची बोटं निळी पडत. दाजीसाहेब ओसरीवर उन्हात शाल पांघरून बसले होते, शालीवर दुसरी शाल होती, आणि त्यांचे दात इतके वाजत होते की त्यांना सुपारीसुद्धा फोडता येईना. थंडी नव्हती ती फक्त एका जागी, चिंचेखाली. तिथली पोरं म्हणे त्या दिवशी उघड्या अंगानं खेळत होती.

मग पहिल्यांदा तुळसा निघाली. तिच्या हातात मुसळ होतं. तिच्यामागून ती नवी नवरी निघाली आणि तिच्यामागून तिची सासू. कुंभारवाड्यातल्या बाया आल्या. बाजारपेठेतल्या बाया, ज्या कधी उंबरा ओलांडून चौकात येत नसत, त्याही आल्या. धर्मशाळेपुढं शिपाई उभे होते. पण त्यांच्याही घरातून कुणी ना कुणी दिलेलं होतं, आणि तेही काकडत होते. ते बाजूला झाले.

आता कुलूप कसं उघडलं याचे दोन पाठ आहेत. कुणी म्हणतं, त्याच क्षणी वेशीबाहेरून लखबाची हाक आली आणि कुलूप पिकल्या फळासारखं गळून पडलं. कुणी म्हणतं, तुळसानं मुसळाचे तीन घाव घातले. ज्याला जे आवडेल ते त्यानं घ्यावं. दोन्ही खरं असायला माझी काही हरकत नाही.

दार उघडलं आणि माणसांची रांग लागली, धर्मशाळेपासून चिंचेपर्यंत. या हातातून त्या हातात घोंगड्या गेल्या, गोधड्या गेल्या, धान्याची पोती गेली, मडकी गेली. कुणाचं किती, कुणी विचारलं नाही. खोली रिकामी झाल्यावर बाया मांडवाकडे वळल्या. जाजमं उतरवली, झालरी उतरवल्या, बांबू उपटले, धर्मशाळेचं दारसुद्धा उखडलं, आणि तेही रांगेतून पुढं गेलं. सूर्य टेकायच्या आत चिंचेखाली छपरं उभी राहिली होती. आणि घराघरातली थंडी गेली.

तेव्हा कुठं लखबा थांबला.

दोन दिवसांनी सरसुभेदार आले. त्यांना मोकळं मैदान दिसलं आणि हातात हार घेऊन उभे असलेले दाजीसाहेब दिसले.

"इथं काय वाटायचं होतं?" त्यांनी विचारलं.

दाजीसाहेब हातातला हार सारखा करू लागले. गर्दीतून तुळसा म्हणाली, "वाटून झालं, साहेब. आता घरं उभारायची राहिलीत. तिकडं चला."

ते तिकडं गेले आणि त्यांनी शंभर सागाची लाकडं दिली, असं काही जण सांगतात. काही जण सांगतात की वाटेवर राख फार होती आणि पायातले जोडे नवे होते, म्हणून ते तिथूनच परत फिरले. मला दुसरं खरं वाटतं.

लखबाचा आवाज त्या तिसऱ्या दिवशी गेला तो पुन्हा आला नाही. वैद्यानं ज्येष्ठमध दिलं, मध दिला, उपयोग झाला नाही. दाजीसाहेबांनी त्याला दवंडीच्या कामासाठी दिलेला जमिनीचा तुकडा काढून घेतला. जो ओरडू शकत नाही त्याला जमीन कशाला, असं कारण दिलं. आणि त्या वेळीही कसबा गप्प बसला. ज्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी रांग लावली होती तीच माणसं गप्प बसली. गोष्ट सांगताना लोक हे गाळतात. मी गाळणार नाही.

फक्त कोष्टी गप्प बसले नाहीत. आळीत पहिला माग उभा राहिला तेव्हा त्यांनी पहिली पासोडी विणली ती लखबासाठी, आणि त्याला अंगणात बोलावलं नाही, घरात नेऊन बसवलं, त्याच्यापुढं ताट वाढलं. तो जगला तोवर त्याचं दोन वेळचं जेवण आळीतून जात होतं. तो गेला तेव्हा तीच पासोडी त्याच्यावर घातली. असं म्हणतात की त्या दिवशी कसब्यात कुणीही हाक मारली तरी तिचा आवाज फुटत नव्हता. लोक दिवसभर खुणांनी बोलले.

धर्मशाळेच्या पायरीवर एक दगड आहे. त्यावर दाजीसाहेबांचं नाव कोरलेलं आहे, की त्यांनी अमुक साली अग्निपीडितांना वस्त्रदान केलं. लखबाचं नाव कुठंही कोरलेलं नाही. आजही तो दगड पाहिला की माझं डोकं फिरतं. पण त्या पायरीच्या वरची चौकट पाहा. तिला दार नाही. बायांनी त्या दिवशी उखडलेलं दार कसब्यानं पुन्हा बसवलं नाही. तीनदा नवं दार करायचा घाट घातला गेला, आणि तिन्ही वेळा सुतारांनी काम घ्यायला नकार दिला.

आणि मांडवघाटात आजही कुणासाठी काही गोळा करायचं झालं, पूर असो, आजारपण असो, कुणाचं घर पडलेलं असो, तर ते त्याच बिनदाराच्या खोलीत आणतात आणि सूर्य टेकायच्या आत पोचवतात. देणाऱ्याचं नाव पुकारत नाहीत. पोचवून आलेला माणूस पारावर चढतो आणि मोठ्यानं एकच शब्द म्हणतो, "पोचलं." याला तिथं लखबा देणं म्हणतात. पारावरून लखबा दिला गेल्याशिवाय त्या संध्याकाळी कसब्यात कुणी पानावर बसत नाही. लेकरंसुद्धा थांबतात, आणि उशीर व्हायला लागला की तीच दारात येऊन मोठ्यांना "पोचलं का?" असं विचारायला लागतात.