सारख्या उंचीच्या स्प्रिंगा

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात दस्तगीर नावाचा एक मिस्त्री राहत असे. पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या मोटारसायकली तो पुन्हा चालत्या करी. हातात कसब होतं, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

एकदा सदानंद तोडकरने आपल्या वडिलांची बंद पडलेली गाडी त्याच्याकडे आणून दिली. त्याला त्या गाडीवर म्हाताऱ्या आईला, गोदाक्कांना, बसवून घाट चढायचा होता. वर गोदाक्कांचं माहेर होतं. नवरा असताना त्या याच गाडीवरून माहेरी जात.

दस्तगीरने इंजिन खोललं, एकेक भाग धुऊन पारखला. व्हॉल्व्ह दाबून मिटवणाऱ्या दोन स्प्रिंगा निघाल्या. त्या त्याने काचेवर शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि वर पोलादी पट्टी ठेवली. पट्टी जराही कलली नाही.

"जुळ्या भैनी हायती! ह्यास्नी काय धाड भरलीया?" म्हणत त्याने त्याच परत बसवल्या.

गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. आवाज इतका गोड, की सदानंदने तिथल्या तिथे पेढे वाटले. गाडी घरी पोचवताना दस्तगीर गोदाक्कांना म्हणाला, "गाडी झक्कास हाय!" दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं.

दुपारी जेवताना दस्तगीर हे सगळं बायकोला रंगवून सांगत होता. शमीम शिवणकाम करी. तिने एवढंच विचारलं, "जुनी स्प्रिंग जुनीलाच लावून मापली व्हय?"

"मग?"

"माझ्या दोन टेपा वापरून वापरून सारख्याच ताणल्या हुत्या. एकमेकींशी अगदी जुळायच्या. शाळेनं चिठ्ठीवर दिलेल्या मापानं पंधरा सदरे बेतले, पंधराच्या पंधरा ढगळ! मग लोखंडी पट्टी लावली, तवा कळलं."

दस्तगीरचा घास हातातच राहिला. दबून दबून स्प्रिंग खचली, तर सपाटीवर काही कळत नाही. घाटात इंजिन जोरात पळवलं की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, पिस्टन त्यावर आदळतो आणि भर चढावर गाडी बंद पडते. कपाटात त्याच इंजिनाच्या कोऱ्या स्प्रिंगांचं खोकं पडून होतं. जुन्या चालताहेत तर हे कशाला फोडा, म्हणून त्याने ते उघडलंही नव्हतं.

आधी त्याला वाटलं, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? पेढेसुद्धा खाऊन झाले. मग मागच्या सीटवर बसलेली म्हातारी डोळ्यांपुढे आली आणि त्याला भात गोड लागेना.

सदानंदच्या अंगणात गाडी बघायला आळी जमली होती. सगळ्यांदेखत दस्तगीर म्हणाला, "सदानंदराव, चूक माझी हाय. म्या चुकीचं मापलं. इंजिन परत खोलाय लागतंय."

"आता पेढं बी परत दे!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. दस्तगीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गाडी ढकलत त्याने गॅरेजला आणली.

इंजिन खोलून त्याने दोन जुन्या स्प्रिंगांच्या मध्ये एक कोरी उभी केली. दोन्ही जुन्या तिच्यापेक्षा तांदळाच्या दाण्याइतक्या कमी भरल्या. जुळ्या होत्या खऱ्या, पण दोघी मिळून खचल्या होत्या. त्याने नव्या बसवल्या. या सगळ्यात निघणं एक दिवस लांबलं.

निघायच्या सकाळी गोदाक्का पदर खोचून मागे बसल्या. दस्तगीर खाली मान घालून बाजूला उभा होता. त्याला त्या म्हणाल्या, "आरं, परवा 'गाडी झक्कास हाय' म्हणालास, तवा मला लई भ्या वाटत हुतं. 'माझं चुकलं' म्हणालास, तवापास्नं मी बिनघोर हाय."

तात्पर्य: सोबत खचलेले एकमेकांना ताठच दिसतात, म्हणून स्वतःला कोऱ्या मापाशी लावून पाहावं; आणि कमी भरलो तर ते आपणच सांगावं, कारण लोक विसंबतात ते चूक कबूल करणाऱ्यावर.