अजगररावांच्या बैठका

प्राणीही तब्येतीला जपत, त्या काळातली गोष्ट. एका अजगराचं पोट इतकं सुटलं, की तो स्वतःच्याच बिळाच्या तोंडात अडकला. कसाबसा सुटल्यावर त्यानं व्यायाम करायचं ठरवलं. पण रोज पहाटे तो "उद्यापासून नक्की" म्हणून पुन्हा वेटोळं करी.

शेवटी शेजारचा बेडूक रोज हाका मारू लागला, "अजगरराव, उठा! बैठका काढायच्यात!" पाय नसलेला अजगर लाजेकाजेस्तव वर-खाली होऊ लागला. पोट उतरलं, पण भूक खवळली. एकदा त्यानं बेडकासमोरच जबडा वासला.

"गिळा खुशाल," बेडूक धापा टाकत म्हणाला, "पण उद्या तुम्हाला उठवणार कोण?"

अजगरानं मुकाट्यानं जबडा मिटला. "उद्या उंदरालाही आण."

"न्याहारीला?"

"व्यायामाला रे! दोघांसमोर झोपून राहायची जास्त लाज वाटेल."