सुभाना वस्तादाचे हात

फार वर्षांपूर्वी, पिंपळसोंडला अजून मोटार पोचली नव्हती आणि शहाणपणही बेताचंच पोचलं होतं, तेव्हाची ही हकिगत. दमलेल्या माणसाची आहे, तेव्हा सावकाश ऐका.

गावच्या तालमीसमोर एक सागवानी मल्लखांब होता. पंधरा हात उंच होता, असं म्हणतात. एवढा उंच मल्लखांब कुणी रोवत नाही, पण वरून पडणाऱ्याला तो तेवढाच वाटला असणार. या खांबावर पोरांना तयार करायचा सुभाना वस्ताद. खांबाला एरंडेल चोळायचा, पोराला वर चढवायचा आणि स्वतः खाली दोन्ही हात पसरून उभा राहायचा. शिकवणं म्हणावं तर एवढंच. पोरगं घाबरलं की म्हणायचा, "वर बघ. खाली मी हाय." आणि पोरगं खरोखरच वर बघायचं. आसपासच्या सात गावांत पिंपळसोंडच्या पोरांसारखी मल्लखांबावरची पोरं नव्हती, असं म्हणतात.

त्यातला सगळ्यात तयार गडी म्हणजे धोंडाईचा गुणाजी. अठरा वर्षांचा, अंगानं वेतासारखा. भैरोबाच्या जत्रेला तो खांबाच्या टोकावर, बोंडावर, एका पायावर उभा राहिला. सारी जत्रा मान वर करून बघत होती. आणि नेमकी तेव्हाच देशमुखांना शाल द्यायची आठवण झाली. मोठ्या माणसांना अशा आठवणी कधी व्हाव्यात याला काही धरबंध नसतो.

"सुभाना वस्ताद, पुढं या! मानाची शाल घ्या!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी चारचौघांत त्याचं नाव घेतलं होतं. वस्ताद वळला. वळून त्यानं देशमुखांना हात जोडले. तेवढंच. पाठीमागं पोतं आदळावं तसा आवाज झाला.

गुणाजीचा खुबा मोडला. हाडवैद्यानं बांधला, पण पाय आखूड राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी तालमीत एकही पोरगं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वस्ताद घरोघर फिरला. कुणी वाईट बोललं नाही. कुणी म्हणालं, शेतात काम आहे. कुणी म्हणालं, बघू. शेवटी तो धोंडाईच्या दारात गेला, गुणाजीच्या बाजेपाशी उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

गुणाजीनं तोंड फिरवलं.

"हात जोडू नका, वस्ताद," तो म्हणाला. "मी पडताना तुमचंच हात बघत हुतो. ते असंच हुतं."

वस्तादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं हात सोडले. त्यानंतर त्यानं कुणापुढंही हात जोडले नाहीत, असं म्हणतात. भैरोबापुढंसुद्धा तळवे उघडे धरून उभा राहायचा. पुजारी चिडला, पण देव काही बोलला नाही.

मग त्याचं एक वेड सुरू झालं. रोज पहाटे तो तालमीत जायचा, खांबाला एरंडेल चोळायचा आणि खाली हात पसरून उभा राहायचा. खांबावर कुणी नसायचं. ऊन मावळतीकडं कलेपर्यंत तो बोंडाकडं बघत राहायचा. बाया हसायच्या, "वस्ताद आभाळ झेलतोय." एक वर्ष गेलं, दोन गेली. त्याचे खांदे आखडले, मान वर धरून धरून ताठली, इतकी की पुढं पुढं त्याला जेवताना ताट दिसत नसे. बायको हौसा गरम तेलानं त्याचे दंड चोळून द्यायची.

"अवो, कुणी येत न्हाई," ती एकदा म्हणाली. "कशापायी जाता?"

"कुणी आलं तर?"

तिनं तेलाची वाटी पुन्हा चुलीवर धरली.

त्या वर्षांत गावात कुणी पडून मेलं नाही, असं म्हणतात. मधाचं पोळं काढताना कड्यावरून घसरलेल्या ठाकराला कुणीतरी अलगद झेललं. विहिरीत कलंडलेली पाणक्याची बायको वरच्या वर अडली. दोघांनीही सांगितलं, झेलणाऱ्या तळव्यांना एरंडेलाचा वास होता. आता माणूस एकाच वेळी खांबाखाली आणि कड्याखाली कसा असेल, ते विचारू नका. गाव मात्र आता त्याला वाकून रामराम करू लागलं. जुने शिष्यही करत. पण खांबाला हात कुणी लावत नसे. आपल्याला मान परत मिळाला, भरवसा नाही, हे वस्तादाला कळत होतं. मान त्याला नकोच होता. मानानंच तर घात केला होता. फार थकला होता तो. रोज सकाळी उठताना त्याला वाटायचं, आज राहू द्यावं. आणि तो उठायचा.

बारावी जत्रा आली. देशमुखांचा मुलगा आता देशमुख झाला होता, आणि बापाची शाल द्यायची हौस त्यानं बरोबर उचलली होती. त्याच वेळी काठी टेकत गुणाजी खांबापाशी आला. तीस वर्षांचा, दाढी वाढलेला. त्यानं काठी तालमीच्या भिंतीला लावली.

"बारा वर्सं लांबनं बघितलं," तो म्हणाला. "आता वरनं बघतो."

एक पाय लोंबकळता ठेवून, नुसत्या हातांच्या जोरावर तो चढू लागला. वस्तादानं हात पसरले.

"सुभाना वस्ताद, पुढं या!" देशमुखांनी पुकारा केला. वस्ताद हलला नाही. पुन्हा पुकारा झाला. तिसऱ्या वेळी सारी जत्रा ओरडली, "वस्ताद, अवो, बोलावत्यात!" पालखीतून खुद्द भैरोबानंही हाक मारली, असं म्हणतात. वस्तादाची नजर बोंडावरून ढळली नाही.

वर पोचलेल्या गुणाजीनं खाली बघितलं. मग तो पडला. हात निसटला की त्यानं मुद्दाम अंग सोडलं, यावर गावात अजून भांडणं होतात. झेलताना म्हातारा वस्ताद गुडघ्यांवर आला, पण त्यानं गुणाजीला जमिनीला टेकू दिलं नाही.

वस्ताद रडत होता.

"झेललंत," गुणाजी म्हणाला. "उद्या परत येतो."

"ये," वस्ताद म्हणाला. "मी हाय."

आणि बारा वर्षांत पहिल्यांदा तो खांबाला टेकून खाली बसला आणि पाणी मागितलं. गुणाजी दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आणखी दोघं आले. सगळे काही आले नाहीत. एकदा वस्तादाची वळलेली पाठ पाहिलेले काही जण मरेपर्यंत आले नाहीत, आणि वस्तादानंही त्यांना दोष दिला नाही.

पिंपळसोंडला आजही खांबावर कुणी असेल तोवर खाली कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, मग मंत्री का आलेला असेना. चढणाऱ्याला खालचा माणूस आधी उघडे तळवे दाखवतो. जत्रेची शाल कुणाच्याही खांद्यावर जात नाही, ती खांबाच्या बुडाला गुंडाळतात. आणि रोज पहाटे, पोरं असोत नसोत, पाळीनं एकेका घरचा माणूस रिकाम्या खांबाखाली हात पसरून घटकाभर उभा राहतो. परगावचा कुणी हसून विचारतो, वर तर कुणीच नाही, मग झेलणार कुणाला?

तो माणूस बोंडावरची नजर न काढता म्हणतो, "कुणी आलं तर?"