नाक्यावरचा नारळ

घर महाराष्ट्रात आणि हजेरी गोव्यात! रोज सकाळी आम्ही तीनशे जण मोटारसायकली हाणत सीमा ओलांडतो. त्या सोमवारी नाक्यावर नवा साहेब आला आणि त्यानं एकच फाटक उघडं ठेवून प्रत्येकाचे कागद चष्मा पुसपुसून वाचायला घेतले. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे आम्ही, आणि घड्याळात साडेसात!

उर्मिला राऊळ गाडी स्टँडला लावून तरातरा पुढे गेली. "साहेब, आठला पोचलो नाही तर कंपनी नारळ देईल आम्हाला!"

"मग तो घेऊन घरी जा," साहेब खुर्चीत रेलून म्हणाला. "आणि विनंती करायची तर रीतसर करा. हात जोडून!"

"रीतसर? करते की!"

कंपनीतल्या नव्या मशीनपुढे वाढवायला आणलेला नारळ तिच्या बॅगेत होताच. तिनं तो साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि हात जोडले. बाप देवापुढे गाऱ्हाणं घालणारा गावकार, त्यामुळे ते तिच्या जिभेवरच होतं.

"बा वेशीवरच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून तीनशे हेल्मेटं गरजली.

"आज उशीर झालो म्हणान कंपनीन आमका नारळ दिल्यान, तर तसोच नारळ ह्या सायबाकय सरकाराकडून मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबानं नारळाकडे पाहिलं. ताडकन उठून त्यानं उरलेली दोन्ही फाटकं स्वतःच्या हातानं उघडली.

"बाई, तेवढा नारळ उचला!"

उर्मिलानं किक मारली. "राहू दे साहेब. उद्या फाटक बंद दिसलं, तर परत कुठं शोधू?"