पंगतीत बसलेला सर्व्हर

“मग खोलीची किल्ली कधी देताय, अण्णा?” भरतेशनं विचारलं.

आदगोंडा अण्णा शिवणयंत्रं विकता विकता संगणक विकायला लागले, तेही पुस्तकं चाळून स्वतःच शिकून. गावातल्या जैन बोर्डिंगात संगणकांची खोली उभी केली ती त्यांनीच. भरतेश त्यांच्याच दुकानात तयार झालेला. हाताचा चपळ, आणि तेवढाच तोऱ्याचा.

“काम झालं की,” अण्णा म्हणाले.

काम असं होतं. मशीनच्या हार्ड डिस्क जुन्या झालेल्या, कधी बसतील नेम नाही. म्हणून सुरू होताच प्रत्येक मशीननं नेटवर्क कार्डातून कोपऱ्यातल्या सर्व्हरला हाक मारायची आणि हवं ते त्याच्याकडून मागून घ्यायचं. मशीननं कुठून सुरू व्हायचं ते ठरवणाऱ्या, कार्डांच्या बूट सेटिंग एकेक करून बदलत बसणं भरतेशला कमीपणाचं वाटलं. त्यानं एक स्क्रिप्ट फाइल लिहिली. खोलीतल्या मशीनना एकच हुकूम: नेटवर्कवरूनच सुरू हो, डिस्ककडे बघू नकोस, आणि आत्ता रीस्टार्ट हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इथंच टायपिंगची परीक्षा होती.

“फाइल कुणाकुणाला लागू?” अण्णांनी विचारलं.

“सगळ्यांना. आपल्याकडं भेदभाव नाही.”

अण्णा हसले...

भरतेशनं फाइल चालवली. पडदे काळे झाले, उजळले, आणि सगळ्यांवर एकच ओळ येऊन थांबली: सर्व्हर शोधत आहे.

त्यानं वायरी काढून पुन्हा खोचल्या. स्विच बदलला. शर्टाच्या बाह्या वर गेल्या, पण ओळ काही हलेना. एवढ्यात जेवणाची घंटा झाली. बोर्डिंगात दिवस मावळल्यावर कुणी अन्नाला शिवत नाही.

“चल जेवायला,” अण्णा म्हणाले.

“हे सुटल्याशिवाय मी उठायचा नाही.”

अण्णांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

पंगत बसली होती. अण्णा टोकाला बसले, भरतेशला शेजारी बसवलं. मग वाढायला आलेल्या सुमतीकाकूंना म्हणाले, पातेलं ठेवा आणि तुम्हीही ताट घेऊन बसा.

“आज काय, माझं केळवण आहे होय?” काकू म्हणाल्या, पण बसल्या.

सगळ्यांपुढं ताटं. सगळी रिकामी. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चाललं...

भरतेशला राहवेना. “अण्णा, दिवस मावळला तर पोरं उपाशी झोपतील. सगळेच बसले, मग वाढणार कोण?”

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं.

भरतेशचा हात ताटावरच थांबला.

आणि तो संगणकांच्या खोलीकडं धावला. सर्व्हरच्या पडद्यावरही तीच ओळ होती. ‘सगळ्यां’त तोही आला होता. तोही कुणीतरी देईल म्हणून वाट बघत होता. भरतेशनं त्याच्या कार्डाची सेटिंग हातानं मागं फिरवली, त्याच्याच डिस्कवरून त्याला सुरू केलं आणि त्याचं नाव फाइलीतून वगळलं. मग एकेक पडदा जागा होत गेला. शेवटचा जागा होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

धापा टाकत परतला, तर ताटं अजून रिकामीच. भिंतीवर ऊन बोटभर उरलेलं.

“झालं, अण्णा. परीक्षा होईल.” थोडं थांबून म्हणाला, “आता किल्ली कुणाकडं?”

अण्णांनी पातेल्यातली पळी उचलून त्याच्या हातात दिली.

“जो शेवटी जेवेल, त्याच्याकडं.”